जिथे लिंबू पिळाल, तिथे ही वाईन ओता

पांढरी वाईन पहिल्यांदा पिणाऱ्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते: "ही तर आंबट आहे!" तक्रार रास्त आहे. पण ज्या वाईनला 'क्रिस्प' म्हणतात तिच्यात आंबटपणा चुकून राहिलेला नसतो, मुद्दाम राखलेला असतो. ताटातली लिंबाची फोड जे करते तेच ही वाईन पेल्यातून करते. ज्या पदार्थावर तुमचा हात आपसूक लिंबू पिळतो, त्याच्या शेजारी ही बाटली ठेवून पाहा. ज्यावर लिंबू पिळायचं मनातही येणार नाही, तिथे ती उघडू नका. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन, याचे लांबलचक तक्ते जागोजागी सापडतात. पांढऱ्या, कोरड्या, आंबट वाईनपुरतं बोलायचं तर त्यातला बराच भाग या एका कसोटीत बसतो. उरतात ते मिरची आणि गूळ, आणि मराठी स्वयंपाकाची खरी अडचण तिथेच आहे.

अशा वाईन पुष्कळ आहेत. फ्रान्समधली म्युस्कादे आणि शाब्ली, स्पेनच्या गॅलिसियातली अल्बारिन्यो, उत्तर पोर्तुगालमधली विन्यो व्हेर्दे, सगळ्यांचा स्वभाव थोड्याफार फरकाने सारखाच. इथे आपण सोव्हिन्याँ ब्लाँ या एकाच द्राक्षजातीची वाईन धरून चालू. ती नाशिकला पिकते आणि आपल्या दुकानांत सहज मिळते. (आपल्याकडच्या 'वाईन शॉप'मध्ये वाईन एका फळीवर आणि बाकी दुकानभर व्हिस्की असते, हा भाग वेगळा.)

आंबटपणा येतो कुठून

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. एक टार्टारिक. आपल्या चिंचेचा आंबटपणाही याच आम्लाचा, त्यामुळे मराठी जिभेला ते अनोळखी नाही. दुसरं मॅलिक, जे हिरव्या सफरचंदात भरपूर असतं. कच्च्या द्राक्षात ही दोन्ही ठासून भरलेली असतात. फळ पिकत जातं तशी साखर वाढते आणि आम्ल उतरतं. त्यातही मॅलिक आम्ल उन्हाळ्याला फार लवकर बळी पडतं, कारण हवा गरम असली की द्राक्षाचा मणी श्वसनासाठी तेच जाळत राहतो. रात्री थंड असतील तर हे जळणं मंदावतं. म्हणून थंड प्रदेशातली, किंवा निदान थंड रात्रींची वाईन जास्त तरतरीत लागते.

तयार वाईनमध्ये लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम आम्ल असतं आणि पीएच ३ ते ३.४ च्या आसपास. लिंबाचा रस याहून बराच तीव्र असतो, पण लिंबू आपण थेंबाथेंबाने घेतो आणि वाईन घोटाघोटाने. शिवाय अशा वाईनमध्ये साखर जवळजवळ नसतेच. यीस्ट ती खाऊन तिचं अल्कोहोल करतं. वाईनच्या भाषेत 'ड्राय' म्हणतात ते एवढंच: गोडवा उरलेला नाही.

पुढचं काम वाईन बनवणाऱ्याचं. द्राक्षं दाबून रस काढायचा, सालं लगेच बाजूला करायची, रस गार करून गाळ खाली बसू द्यायचा आणि स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवायचा. इतकं गार का? कारण उष्णता वाढली की सुगंध उडून जातो. आंबवण झाल्यावर आणखी एक मोह टाळायचा असतो. काही जिवाणू वाईनमधल्या तिखट मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं. या फेरबदलाने वाईन गुळगुळीत होते आणि तिला लोण्याचा वास येतो. शार्डने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षजातीच्या अनेक वाईनमध्ये तो हवाच असतो. इथे नको असतो, म्हणून वाईन गार ठेवून, गाळून, तो जिवाणू रोखला जातो. लाकडी पिंपातही ती सहसा ठेवत नाहीत. अपवाद आहेत. फ्रान्सच्या बोर्दो भागात सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये सेमियाँ जातीची द्राक्षं मिसळून पिंपात मुरवतात. कॅलिफोर्नियात रॉबर्ट मोंदावी यांनी १९६८ साली 'फ्युमे ब्लाँ' या नावाने पिंपात मुरवलेली सोव्हिन्याँ ब्लाँ बाजारात आणली. लेबलवर ते नाव दिसलं तर वाईन थोडी गोलसर, धुरकट निघू शकते हे लक्षात ठेवावं.

फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेल्या बाटलीच्या तळाशी कधीकधी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. घाबरून बाटली ओतून देऊ नका. ते टार्टारिक आम्लाचेच क्षार आहेत, थंडीने गोठून खाली बसलेले. गाळून प्या.

ढोबळी मिरची आणि पॅशनफ्रूट

नुसता आंबटपणा असता तर लिंबूपाण्यावर भागलं असतं. सोव्हिन्याँ ब्लाँ ओळखू येते ती वासावरून, आणि तिच्या वासाचे दोन वेगळे उगम आहेत.

पहिला हिरवा. पेला नाकाशी नेलात की ताजं कापलेलं गवत, मटार, ढोबळी मिरची असं काहीतरी आठवतं. हा भास नाही. पायराझीन गटातला जो रेणू ढोबळी मिरचीला तिचा वास देतो, तोच या द्राक्षात असतो. मात्रा किती, तर लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश. पण आपलं नाक याला इतकं हळवं आहे की पाण्यात लिटरला दोन नॅनोग्रॅम असले तरी वास लागतो. द्राक्ष पिकताना आणि त्यावर ऊन पडताना हा रेणू कमी होत जातो. त्यामुळे घडाभोवतीची पानं किती काढायची, यावरसुद्धा वाईनचा वास ठरतो.

दुसरा उगम फळांचा: ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट, पेरू. हे थायोल नावाचे गंधकयुक्त रेणू. गंमत अशी की द्राक्ष चाखलं तर त्यात हा वास जवळजवळ नसतोच. तिथे हे रेणू दुसऱ्या रेणूंना जखडलेले, म्हणून बिनवासाचे असतात. यीस्ट आंबवताना ती बांधणी तोडतं आणि वास मोकळा होतो. १९९० च्या दशकात बोर्दो विद्यापीठात देनी द्युबुर्दिय आणि ताकातोशी तोमिनागा यांनी हे कोडं बऱ्याच अंशी सोडवलं. यातल्याच एका थायोलचा वास जास्त झाला की लोकांना मांजराच्या मुताची आठवण होते. वाईनचे जाणकार हे चारचौघांत सांगतात, तेही कौतुकाने.

हिरवा वास आणि फळांचा वास यांचं प्रमाण गावागावाला बदलतं. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठची सांसेर आणि समोरच्या काठची पुयी-फ्युमे ही या वाईनची जुनी घरं. तिथली जमीन चुनखडीची आणि गारगोटीची, हवा थंड, वाईन मोजकी, लिंबू आणि ओल्या दगडाच्या वासाची. न्यूझीलंडच्या मार्लबरोत ही जात पहिल्यांदा लावली गेली १९७५ साली. तिथल्या लख्ख उन्हात आणि गार रात्रींत दोन्ही वास एकदम भडकले. १९८५ साली सुरू झालेल्या क्लाउडी बे वायनरीने ही शैली जगभर नेली. आज न्यूझीलंडच्या वाईन-निर्यातीत सर्वांत मोठा वाटा याच द्राक्षाचा आहे. माझं मत विचाराल तर मार्लबरोची वाईन पहिल्या पेल्याला टाळ्या घेते आणि तिसऱ्याला थकवते. जेवणाबरोबर सांसेरचा अबोलपणा बरा. पण आयात वाईनवर आपल्याकडे दीर्घकाळ दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. तेव्हा सांसेर हे बहुतेकांसाठी कुणी परदेशातून येताना आणलं तर.

नाशिकची गोष्ट

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, सांसेर ४७ वर. युरोपात वेल हिवाळाभर झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षं तोडतात. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, म्हणून वेलीला झोप नाही. मग शेतकरी कात्रीने ऋतू तयार करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिने पुढच्या हंगामाची काडी तयार होते. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. हे फळ वाढतं ऐन थंडीत आणि वाईनची तोडणी होते जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपातला शेतकरी शरदातल्या गार रात्रींवर आम्ल टिकवतो, नाशिकचा शेतकरी पौष-माघातल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीचाही उपयोग होतो. तरी फेब्रुवारीत दुपार तापायला लागतेच. म्हणून द्राक्षं थोडी आधी, आणि शक्यतो पहाटेच्या गारव्यात तोडतात. आम्ल कमी पडलं तर टार्टारिक आम्ल वरून घालण्याची रीत जगभरच्या उष्ण प्रदेशांत आहे आणि त्यात काही पाप नाही.

नाशिक आधीपासून द्राक्षांचंच, पण ती खायची द्राक्षं: थॉमसन सीडलेस वगैरे. वाईनच्या जाती वेगळ्या. मणी लहान, बिया असलेले. कॅलिफोर्नियातून परतलेल्या राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास इथे सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली आणि २००० साली त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. पुढच्याच वर्षी राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि गंगापूर धरणापासून दिंडोरीपर्यंत वायनऱ्या उभ्या राहू लागल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्राटेली ही वायनरी हीच द्राक्षं पिकवते. आपली सोव्हिन्याँ ब्लाँ मार्लबरोइतकी आक्रमक नसते. थोडी गवताळ, थोडी लिंबाळ, अंगाने हलकी. जेवणाच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

जिभेवरचा प्रयोग

कशाबरोबर काय हे पाठ करण्याऐवजी एक प्रयोग करा. एका बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, चमचाभर साखर आणि थोडं लाल तिखट घ्या. शेजारी गार सोव्हिन्याँ ब्लाँ.

नुसता घोट घ्या आणि आंबटपणा लक्षात ठेवा. आता लिंबू चाटून पुन्हा घोट घ्या. वाईन एकदम मवाळ, किंचित गोडसरही वाटेल. वाईन होती तशीच आहे, आपली जीभ आधीच्या आंबटाला सरावली. म्हणजे आंबट पदार्थाबरोबर आंबट वाईनच हवी. कमी आंबट वाईन तिथे फुळकवणी लागते. नियम असा की वाईन निदान पदार्थाइतकी तरी आंबट असावी. मीठ चाटून प्यालात तरी असाच अनुभव येईल, वाईनचे कोपरे घासले जातील आणि फळाचा वास वर येईल.

मग साखर. साखर खाऊन घेतलेला घोट जवळजवळ कडवट लागतो. फळ गायब, उरतो तो नुसता आंबट चटका. गोडाधोडाबरोबर ड्राय वाईन का देत नाहीत, ते एका चमच्यात कळतं.

शेवटी तिखट. मिरचीतला तिखट रेणू, कॅप्सेसिन, तोंडातल्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) डिवचतो, ती ग्राही मुळात उष्णतेची आहे. एरवी ती साधारण ४२ अंशांना जागी होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की अल्कोहोल हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. आपल्या तोंडाचं तापमानच त्याहून जास्त असतं! म्हणजे मिरचीची आग अल्कोहोल विझवत नाही, भडकवते. वाईन गार असल्यामुळे पहिला क्षण सुखाचा जातो, मग दुप्पट जळतं.

ताटात काय

मासळीपासून सुरुवात करू, कारण तिथे ही वाईन घरच्यासारखी वागते. शिळावत चाललेल्या मासळीचा वास ज्यांच्यामुळे येतो त्यात ट्रायमिथाइलअमाइन मुख्य. आम्ल लागलं की त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास मरतो. आपण मासे लिंबू लावून ठेवतो त्यामागे हेच. वाईनचं आम्लही तोंडात थोडंफार तेच करतं. उलट रेड वाईनबरोबर मासळी अनेकदा अंगावर येते, तोंडात लोखंडी-माशाळ चव राहते. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की वाईनमधलं लोह जितकं जास्त तितकी ही चव जास्त. लोह सहसा रेडमध्ये अधिक असतं. 'माशाबरोबर व्हाईट' हा नियम म्हणजे निव्वळ शिष्टाचार नव्हे.

रवा लावून तळलेले बोंबील हे माझ्या मते या वाईनचं महाराष्ट्रातलं सर्वांत योग्य स्थळ. वरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, मीठ ठळक, मसाला वरवरचा आणि तेल भरपूर. आंबट घोटाने तोंडाला पाणी सुटतं, ते पाणी तेलाचा थर धुऊन नेतं आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो. सुरमईची तुकडी, तळलेली मांदेली, कोळंबी, सगळ्यांना हेच लागू. तिखटाचा हात मात्र आवरता हवा. मुंबईतल्या पारशी घरांची पात्रानी मच्छी तर जणू हिच्यासाठीच केलेली: केळीच्या पानात वाफवलेलं पापलेट, त्याला कोथिंबीर, खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबाची चटणी. गोव्याचं कॅफ्रियल चिकनही असंच, हिरव्या वाटणाचं आणि वर लिंबू पिळून खायचं. नारळाच्या रसातलं सौम्य पिवळं कालदीन चालेल. व्हिनेगर आणि लाल मिरचीचं रेशाद जपून.

कोकणात कालवं खाणाऱ्यांना सांगायला हवं की फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर कालवं आणि म्युस्कादे ही जोडी फार जुनी आहे. मार्लबरोत हिरव्या कडांचे शिंपले आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. आपल्या तिसऱ्यांना ओलं खोबरं आणि थोडी आंबटाई घालून परतलेलं सुकं केलं तर ते याच घराण्यातलं.

शाकाहारी ताटात कोथिंबीर वडीला पहिला मान. कोथिंबिरीचा वास ढोबळी मिरचीच्या रेणूचा नव्हे, तो वेगळ्या, अल्डिहाइड गटाचा. पण नाकाला दोन्ही हिरवेच वाटतात आणि एकमेकांना धरून राहतात. वर तळणीचा खमंगपणा आणि बेसन. खमंग काकडी, लिंबू पिळलेली मोडाच्या मुगाची कोशिंबीर, मटार करंजी, ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी, सगळं चालतं. साबुदाणा वडाही छान लागतो, अर्थात उपवास नसलेल्या दिवशीचा.

चीजची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. सांसेरच्या शेजारी शाव्हिन्योल नावाचं गाव आहे. तिथल्या शेळीच्या दुधाच्या छोट्या गोल चीजला, क्रोतँ द शाव्हिन्योलला, फ्रान्समध्ये १९७६ पासून संरक्षित नामांकन आहे. हे चीज स्वतःच आंबट, खारट आणि भुसभुशीत असतं. आंबटाला आंबट, शिवाय मीठ: मघाच्या बशीतले दोन्ही धडे एकाच घासात. शेळीचं चीज आता आपल्या शहरांतही मिळतं. ते नसेल तर पनीर आहेच. पनीर मुळात लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेल्या दुधाचं, पण त्यात मीठ नसतं आणि आंबटपणा पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून नुसतं पनीर वाईनपुढे मुकं पडतं. त्याला मीठ, भरडलेली मिरी, लिंबू आणि थोडं पुदिन्याचं वाटण लावून तव्यावर परता, मग बघा. टांगलेल्या दह्याचा चक्का मीठ आणि कोथिंबीर घालून टोस्टवर लावला तर शेळीच्या चीजच्या आणखी जवळ जाता येतं.

आता नकाराची यादी. चिंच-गुळाची आमटी आणि भरली वांगी यांत चिंच वाईनच्या बाजूची आणि गूळ विरुद्ध पक्षाचा, आणि गूळ जिंकतो. अळूवडीत गूळ बेताचा असेल तर निभावतं. भेळेत गोड चटणी कमी, हिरवी जास्त असं सांगून पाहा. तांबडा रस्सा, मालवणी मटण, झणझणीत मिसळ, ठेचा यांच्यापुढे ही वाईन टिकत नाही आणि तिने टिकावंही का? तिथे थोडी साखर ठेवलेली, कमी अल्कोहोलची, चांगली गार वाईन बरी. नाशिकच्या बऱ्याच शेनिन ब्लाँमध्ये असा किंचित गोडवा ठेवलेला असतो. किंवा सरळ ताक घ्या. मासळीच्या थाळीत सोलकढी असेल तर तिच्यापुढे वाईनचा हट्ट मी तरी धरणार नाही. श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी यांच्याबद्दल साखरेच्या चमच्याने सांगून झालंच आहे.

अडचण एका पदार्थाची नसते, आपल्या ताटाची असते. युरोपातलं जेवण एकामागून एक येतं: आधी कालवं, मग मासा, मग मांस, मग गोड. प्रत्येक टप्प्याला वेगळी बाटली लावता येते, आणि वाईन-जेवणाच्या जोड्यांचं सगळं शास्त्र त्या पद्धतीतून निघालेलं आहे. आपल्या ताटात डावी बाजू, उजवी बाजू, लोणचं, कोशिंबीर, आमटी आणि गोडाची वाटी एकाच वेळी हजर. त्या सगळ्यांना पुरून उरेल अशी वाईन शोधणं व्यर्थ आहे, आणि 'इंडियन फूडसाठी योग्य' अशी ओळ एखाद्या लेबलवर दिसली तर ती जाहिरात समजावी. इथे हाताशी सोपा उपाय आहे. जेवणाआधीच्या तासाभरात, तळणीची पहिली खेप येते तेव्हा बाटली उघडा. वड्या, तुकड्या, कोशिंबीर, काकडी. पानं मांडली की वाईन बाजूला ठेवा आणि नीट जेवा.

घेताना, गार करताना

दुकानात गेलात की आधी साल बघा. ही वाईन मुरवायची नसते, ताजेपणा हेच तिचं भांडवल. सहसा एक-दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाची घ्यावी. चार वर्षं फळीवर उभी असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी नको. दुकान वातानुकूलित आहे का, बाटली उन्हात किंवा दिव्याखाली तर नाही ना, हे पाहा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या वाईनचं नंतर काहीच करता येत नाही. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका. न्यूझीलंडच्या वायनऱ्यांनी २००१ पासून बुचाऐवजी हे झाकण मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं, कारण खराब बुचाने वाईनला कुबट वास लागतो आणि ताजेपणा जातो. या जातीच्या वाईनला तर फिरकीच बरी.

प्यायचं तापमान ७ ते १० अंश. घरचा फ्रिज ४ अंशांच्या आसपास असतो, म्हणून बाटली बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. अति गार वाईनला वास येत नाही, फक्त आंबटपणा टोचतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि ती गार व्हायला वेळ लागतो. पेल्यात बर्फ टाकला तर कुणी रागावणार नाही, पण वाईन पातळ होईल. पेला लहानच भरा, आपल्या हवेत तो दहा मिनिटांत कोमट होतो. आणि ती सरबतासारखी उतरते म्हणून विसरू नका की तिच्यात १२-१३ टक्के अल्कोहोल आहे. ७५० मिलीची बाटली म्हणजे साधारण पाच पेले, आणि पाच पेले पाच माणसांचे.

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते, मग पॅशनफ्रूट निघून जातं आणि नुसता आंबटपणा मागे उरतो. तेव्हा तिचा स्वयंपाकात उपयोग होतो. कढईत थोडं तेल किंवा लोणी, ठेचलेला लसूण, एखादी हिरवी मिरची, धुतलेल्या तिसऱ्या, वर वाटीभर ती वाईन. झाकण ठेवा आणि शिंपले उघडेपर्यंत मोठ्या आचेवर वाफवा. मीठ आधी घालू नका, तिसऱ्यांच्या पाण्यात ते असतंच. उतरवताना कोथिंबीर घाला आणि रस पावाने पुसून खा.